तबकातले कागदी फूल

लग्नमांडवाच्या तोंडाशी दोन मुली तबक घेऊन उभ्या असतात, हे तुम्ही आम्ही सगळ्यांनी पाहिले आहे. तबकात अत्तरदाणी, हळदकुंकू आणि गजऱ्याचे तुकडे. पाहुणी आली की हाताला अत्तर, कपाळाला कुंकू, हातात गजरा. मायभगिनींनो, आज त्या तबकातल्या फुलाविषयीच तुमच्याशी बोलायचे आहे. मात्र हे फूल बाजारातले नव्हे. घरी बसून, साध्या कागदाच्या घड्या घालून केलेले, केसात माळता येईल आणि पदराला लावता येईल असे फूल.

लग्न म्हटले की ताजे फूल हवे, कागदाचे कसले, असे तुम्ही म्हणाल. पण बाशिंग कशाचे असते? रंगीत कागद, बेगड आणि कामट्या. नवरानवरीच्या कपाळावर कागद चालतो, तर पाहुणीच्या अंबाड्यात का चालू नये?

आमचा माणदेश. लग्ने वैशाखात, म्हणजे ऐन उन्हात. पहाटे बाजारातून आणलेला मोगरा दुपारच्या मुहूर्तापर्यंत तांबूस पडतो. अक्षता पडेपर्यंत गजऱ्याचा दोराच काय तो शिल्लक. त्यात लग्नतिथीला फुलाचा भाव असा चढतो की दोनशे बायकांना गजरे द्यायचे म्हणजे यजमानाचा हात आखडतो. मग जवळच्या बायकांना गजरा आणि लांबच्यांना नुसते अत्तर, असा पंक्तिप्रपंच सुरू होतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. आमच्याच भावकीत शेवंती आणि झेंडू लावणारी दोन घरे आहेत. प्लॅस्टिकच्या फुलांनी त्यांच्या मालाचे काय केले ते मी डोळ्यांनी पाहते. तेव्हा मांडवाचे तोरण, नवरानवरीचे हार, देवापुढची फुले ही शेतातलीच असावीत. त्यात कागद आणू नये, प्लॅस्टिक तर मुळीच आणू नये. मी सांगते आहे ते फक्त तबकातल्या फुलाचे. परवडत नाही म्हणून जिथे फूल दिलेच जात नव्हते, त्या जागेचे.

आता कृती. ही घडी मूळची जपानची. कागदाच्या घड्यांच्या कलेला तिकडे ओरिगामी म्हणतात आणि अशा फुलांच्या चेंडूला कुसुदामा. पूर्वी तिकडे सुवासिक औषधी वनस्पतींचा गोळा करून टांगत, त्यावरून हे नाव पडले. आपल्याकडे डॉ. अनिल अवचट यांनी कागदाच्या घड्यांची गोडी कित्येक मराठी घरांना लावली. ते २०२२ च्या जानेवारीत गेले. माझ्या मुलाला शाळेत असताना एका गुरुजींनी घड्या शिकवल्या, त्याच्याकडून त्या माझ्याकडे आल्या.

कागद झेरॉक्सच्या दुकानात मिळतो तो, रंगीत, ए-फोर मापाचा घ्यावा. फार जाड नको. पतंगाचा पातळ कागद घडी धरत नाही आणि सुरकुत्यांचा क्रेप कागद तर घेऊच नये, का ते पुढे सांगते. ए-फोर कागदातून चार सेंटिमीटरचे पस्तीस चौकोन निघतात. एका फुलाला पाच चौकोन लागतात, म्हणजे एका कागदात सात फुले. चौकोन मात्र अगदी चौरस हवेत. एक बाजू रेसभर जास्त झाली तर पाकळी वाकडी येते आणि अशा पाच पाकळ्या एकत्र आल्या की फूल तोंड वेंगाडते.

चौकोन एका कोपऱ्यावर उभा धरावा. खालचे टोक वरच्या टोकाला लावून त्रिकोण करावा. त्रिकोणाची डावी-उजवी टोके वर नेऊन वरच्या टोकाशी जुळवावीत. आता शंकरपाळ्यासारखा छोटा चौकोन तयार होतो आणि त्यावर दोन कान असतात. प्रत्येक कान मधून बाहेरच्या बाजूला अर्ध्यात दुमडावा आणि घडी दाबून घ्यावी. मग त्या कानात बोट घालून तो फुगवावा आणि वरून दाबून सपाट करावा. पतंगासारखा आकार येतो. त्याचे वरचे टोक कागदाच्या कडेबाहेर डोकावते, ते आत मोडून कडेशी सारखे करावे. शेवटी कान पुन्हा मधल्या घडीवर मिटवावा. दोन्ही कान असे झाले की एका कानाला डिंक लावून तो दुसऱ्या कानाला चिकटवावा. हे करताना मधला कागद दुमडू नये, नुसता वळवावा. मक्याच्या दाण्याच्या पुडीसारखी पाकळी तयार होते आणि तिच्या आत दोन पुंकेसर दिसावेत तशा कडा दिसतात. वाळेपर्यंत कपड्याचा चिमटा लावून ठेवावा.

वाचताना हे अवघड वाटेल. वहीच्या जुन्या पानाचा वीतभर चौकोन घेऊन एकदा करून पाहा, लगेच उलगडते. मोठ्या कागदावर हात बसला की मगच चार सेंटिमीटरवर यावे. आपल्या बायकांची बोटे खुरप्याने राठ झालेली असतात. बारीक घडी नखाने दाबायला गेले की कागद फाटतो. त्यापेक्षा चमच्याची पाठ फिरवावी.

पाच पाकळ्या टोकाशी टोक आणून, बाजूंना डिंक लावून जोडाव्यात. पाचवी बसवण्याआधी मध्ये एक मणी ओवलेला दोरा घालून खाली ओढून घ्यावा. फूल चौकोनाच्या बाजूपेक्षा किंचित मोठे होते, म्हणजे रुंदीला पाच सेंटिमीटरच्या आसपास. वजन अर्ध्या ग्रॅमच्या आगेमागे, त्यामुळे केसांना ओढ बसत नाही. डिंक पांढरा, बाटलीतला घ्यावा. मैद्याची खळ स्वस्त पडते, पण तिला झुरळे लागतात.

खरी मेख आहे ती फूल अंगावर लावण्यात. सेफ्टी पिन कागदाला डिंकाने चिकटवली तर ती दोन तासांत निघते, कारण धातूला डिंक धरत नाही. जुन्या लुगड्याचा रुपयाएवढा गोल कापावा, सेफ्टी पिन त्या कापडाला टाक्यांनी शिवून घ्यावी आणि कापड फुलाच्या पाठीला चिकटवावे. कागदाला कापड चांगले धरते. केसात लावायचे असेल तर त्याच कापडाच्या टाक्यांतून आकड्याची पिन घालावी. टाचणी वापरू नये. मांडवात लेकुरवाळ्या बायका असतात आणि मूल खांद्यावर डोके टाकते.

क्रेप कागद का नको ते आता सांगते. त्याचा रंग पाण्याने सुटतो. वैशाखाचा घाम मानेवरून उतरला की तो लाल-जांभळा रंग पाहुणीच्या रेशमी पातळावर येतो आणि मग ती ते लग्न जन्मभर विसरत नाही. कोणताही रंगीत कागद असो, ओल्या पांढऱ्या फडक्याने आधी घासून पाहावा. फडक्याला रंग लागला तर तो कागद मुलांना खेळायला द्यावा.

आणि विस्तव. कागद तो कागद. करवली दिवा घेऊन उभी असते, औक्षणाचे तबक तोंडासमोरून फिरते, नवरीपुढे होम असतो. नवरीच्या आणि करवलीच्या केसात कागदी फूल माळूच नये, त्यांना ताजा गजराच द्यावा. ज्या बायका चुलवणापाशी वाढप्याला हात लावायला जाणार, त्यांनी फूल आधी काढून ठेवावे.

आता ज्यासाठी हे सगळे लिहायला बसले ते सांगते.

२०२३ च्या मे महिन्यात पुतणीचे लग्न झाले. तिचे वडील, म्हणजे माझे धाकटे दीर, २०१५ साली विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेले. त्यानंतर आठ वर्षे माझ्या धाकट्या जावेने डाळिंबाची बाग सांभाळली. तेल्या आला तेव्हा अर्धी बाग तिने आपल्या हाताने काढून जाळली आणि पुन्हा गुट्या बांधून रोपे केली. सोसायटीचे कर्ज फेडले, मुलीला पदवीपर्यंत शिकवले, मुलगा पाहिला, लग्न ठरवले. एवढे सगळे तिने केले, पण हळदीच्या दिवशी ती माजघरात राहणार आणि मांडवात मागच्या खांबाशी उभी राहणार, हे आमच्या घरात कोणी कोणाला सांगावे लागले नाही. कन्यादानाला मी आणि आमचे मालक बसणार हेही तसेच ठरले.

लग्नाआधी महिनाभर मी आणि पुतणी फुलांची मोजणी करत होतो. गावातल्या बायका, मुलाकडच्या, सोयरे. मी बोटे मोडत होते, ती वहीत लिहीत होती. लिहिता लिहिता थांबली आणि म्हणाली, "मोठ्या आई, यात आई कुठाय? आणि आत्याआजी? आणि वरच्या आळीच्या काकू?"

खरे सांगते, कोणी ठरवून वगळले नव्हते. फुलाची मोजणी करताना काही बायका आपोआप मोजायच्या राहतात, इतकी ती सवय अंगात मुरली आहे. तबक धरणाऱ्या मुलीही तेच करतात. पाहुणी समोर आली की आधी तिच्या कपाळाकडे आणि गळ्याकडे एक नजर जाते, आणि मग गजरा पुढे होतो किंवा नुसते अत्तर. ती नजर क्षणभराची असते. पण जिच्यावर ती पडते तिला ती दहा हातांवरून कळते. म्हणून कितीतरी जणी मुख्य वाटेने मांडवात येतच नाहीत, मागच्या बाजूने येऊन बसतात. तुमच्या गावात हे होत नसेल तर फार आनंद आहे.

तुम्हाला आठवत असेल, मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाडच्या ग्रामसभेने ठराव केला की नवरा वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे हे गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्यास सांगितले. आमच्या गावातही तो विषय निघाला. दोघे बोलले, बाकीचे जमिनीकडे बघत राहिले आणि सभा पाण्याच्या टाकीवर गेली. ठराव कागदावर येईल तेव्हा येईल. आमच्या घरी फूल कागदाचे होते, त्याला कोणाची मंजुरी लागत नव्हती.

रात्री जेवणे झाल्यावर धाकटीला सांगितले. ती म्हणाली, "आक्का, माझं कशाला मोजता? मी चुलीपाशी असणार."

"कागदाचं आहे, चुलीपाशी नेऊ नको म्हणजे झालं," मी म्हटले.

ती हसली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "केसात नको. लोक बघतील. मुलाकडचे काय म्हणतील?"

"मग पदराला लाव. पुरुष नाही का कोटाला लावत?"

ती काही बोलली नाही, उठून भांडी घासायला गेली. मीही विषय वाढवला नाही. दुसऱ्या रात्री आम्ही कागद कापायला बसलो तर ती आपणहून येऊन बसली आणि कात्री हातात घेतली. आम्ही चौघी होतो, चौथी माझी सून. दहा रात्री हे काम चालले. बाहेर गच्चीवर दिवसभर कुरडया वाळायच्या आणि आत रात्रभर पाकळ्या. हात बसल्यावर एका पाकळीला दीड मिनिट पुरते. सगळी मिळून २२० फुले केली, म्हणजे ११०० पाकळ्या, आणि कागद लागले ३२. सगळ्यांत सुबक पाकळी धाकटीची. डाळिंबाच्या गुटीला शेवाळ बांधणारी बोटे ती, त्यांना कागद काय जड?

रंगावरून मात्र आमचा थोडा वाद झाला. सुनेचे म्हणणे पडले की निम्मी पिवळी आणि निम्मी पांढरी करू, तबकात शोभतील. दिसायला शोभली असती हे खरे. पण पुतणी म्हणाली, "पांढरी ठेवली की कोणाच्या हातात पांढरं जाईल ते मला आत्ताच दिसतंय." मग एकच रंग ठरला, हळदीचा पिवळा, मधला मणी लाल. पाटलीणबाईंना आणि शेतावर कामाला येणाऱ्या बायकांना तेच, सवाष्णीला तेच आणि बाकीच्यांनाही तेच. तबकावर पुतणीच्या दोन मैत्रिणी उभ्या केल्या आणि त्यांना एवढेच सांगितले की येणाऱ्या बाईच्या हाताकडे बघायचे, कपाळाकडे नाही. कुंकवाची कोयरी वेगळ्या तबकात ठेवली. ज्यांना हवे त्यांनी आपले लावून घ्यावे.

लग्नाच्या दिवशी काय झाले ते जसेच्या तसे सांगते, वाढवून नाही. पहिली पन्नास-साठ फुले गेली तेव्हा कोणाच्या लक्षातही आले नाही. नंतर वरच्या आळीच्या काकू आल्या. त्यांनी सवयीने अत्तरासाठी मनगट पुढे केले, तर मुलीने तळहातावर फूल ठेवले. त्या तिथेच थबकल्या. मागच्या बायका पुढे सरकायला लागल्या म्हणून बाजूला झाल्या आणि फूल मुठीत धरून आत गेल्या. जेवणाच्या वेळी मी पाहिले, ते त्यांच्या पदराला होते. सत्तरीच्या आत्याबाईंनी तर कोणाला न विचारता अंबाड्यात खोचले आणि "कागदाचं हाय, त्येला कसला सुतक-विटाळ," असे मोठ्याने म्हणून टाकले. एका पाहुण्या बाईंनी मात्र फूल परत तबकात ठेवले. त्यांना कोणी आग्रह केला नाही. करूही नये. ज्या बाईने वीस वर्षे मन मारून एक रीत पाळली, तिच्या हातात आपण अर्ध्या मिनिटात दुसरी कोंबायची, हेही बरे नव्हे.

मुलाकडच्या एका वयस्कर गृहस्थांनी आमच्या मालकांना बाजूला घेऊन विचारले, "हे काय नवीन?" मालक म्हणाले, "ऊन फार, मोगरा टिकत नाही." खोटे काहीच नव्हते त्यात.

धाकटी मंगलाष्टकांपर्यंत आतच होती. नवरी अंतरपाटाशी जाण्याआधी आईच्या पाया पडायला आत गेली, तेव्हा तिच्या हातात एक फूल होते. आत दोघींचे काय बोलणे झाले मला ठाऊक नाही. धाकटी बाहेर आली तेव्हा डाव्या खांद्यावर, पदराच्या निऱ्यांवर, पिवळे फूल नीट लावलेले होते. ती खांबाशीच उभी राहिली, पण पुढच्या खांबाशी. कन्यादानाला आम्ही दोघेच बसलो. ती रीत त्या दिवशी मोडली नाही आणि मोडली असे मी सांगणार नाही. फोटोत मात्र ती आहे. मुलीच्या शेजारी, फुलासकट.

चौदा फुले उरली. ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, तळाशी लिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवली. पंधरा ऑगस्टला शाळेत पाहुण्यांच्या छातीला लावायला त्यांतली आठ दिली. रंग किंचित उतरला होता, घडी जशीच्या तशी.

पुढच्या लग्नसराईत वस्तीवरच्या एका घराने दीडशे फुले मागितली. कागद त्यांचा, मेहनत आमची, असे ठरले. त्यांची बाई पैसे घेऊन आली तेव्हा धाकटी ओसरीवर बसली होती. ती म्हणाली, "पैसे राहू द्या, आधी बायकांची यादी आणा." यादी आली. चष्मा लावून तिने ती वरून खाली वाचली, आणि समईच्या कोनाड्यातली पेन्सिल घेऊन खाली आणखी अकरा नावे लिहिली.